लाभ, दोन, तीन

माझी मुलगी दोन वर्षं सात महिन्यांची झाली तेव्हा तिला अकरा शब्द येत होते. हा आकडा अंदाजाचा नाही. मी शब्दांची वही ठेवली होती. शब्द वहीत चढवायचा तर तो तीन वेगवेगळ्या दिवशी आणि घरातल्या किमान दोन माणसांनी ऐकलेला हवा, असा नियम मीच केला होता. कारण मूल तोंडातल्या तोंडात काहीही पुटपुटतं आणि आईबापांना त्यात हवं ते ऐकू येतं. मला स्वतःला फसवायचं नव्हतं.

मी भरवेलीच्या मँगनीज खाणीत वजनकाट्यावर आहे. सतरा वर्षं झाली. रिकामा ट्रक येतो, त्याचं वजन घेतो. तोच ट्रक भरून येतो, पुन्हा वजन घेतो. दोन्हींची वजाबाकी म्हणजे माल. एकाच वजनावर कुठलाही ट्रक सोडायचा नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे जे चुकलं ते निदान माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं.

आमच्या घरात चार माणसं. मी, बायको, माझी माय आणि लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ही मुलगी. मी सकाळी आठला निघतो, सहाला परत येतो. बायको एका खाजगी शाळेत शिकवते, ती साडेनऊला जाते आणि साडेचारला येते. मधले सात तास मुलगी आजीजवळ.

बायकोचं आणि माझं बोलणं हिंदीत चालतं. तिचं माहेर बालाघाटातलंच, घरात मराठी होती पण ती शाळेत शिरली आणि मराठी फाटकाबाहेर राहिली. माझीही शाळा हिंदीच, पण मायमुळे माझी मराठी टिकली आणि पुढे वाचनाने थोडी सुधारली. माय मात्र सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या खेड्यातली. ती या गावात सेहेचाळीस वर्षं राहते आहे आणि अजून भाजीवाल्याशी बोटांनी बोलते.

अकरा शब्द कमी आहेत हे मला माहीत होतं. शेजारचा मुलगा आमच्या मुलीपेक्षा सहा महिन्यांनी लहान आणि तो ओट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "अंकल, गाड़ी कहाँ ले जा रहे हो?" असं विचारायचा. मी मोटरसायकल बंद करून त्याला उत्तर द्यायचो आणि मग घरात जायचो. दारात मुलगी यायची, माझ्या हातातला डबा घ्यायची, आत नेऊन ठेवायची. सगळं समजायचं तिला. बोलायची मात्र नाही.

मे महिन्यात आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी कानाची तपासणी करून घेतली. कान ठीक निघाले. मग त्यांनी तिला खेळणी दिली, दहा मिनिटं नुसतं पाहिलं, आणि विचारलं, "घर में कौन-सी भाषा बोलते हैं?"

"दो," मी म्हणालो. "मराठी और हिंदी."

"कोशिश कीजिए कि एक में ज़्यादा बात हो," ते म्हणाले. "और बात बहुत कीजिए बच्ची से. बहुत."

मी दोन्ही वाक्यं तिथेच लिहून घेतली. ती वही आजही माझ्याजवळ आहे. पहिल्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. दुसऱ्याखाली एकही नाही. 'एक' हा आकडा आहे, तो पाळता येतो. 'बहुत' म्हणजे किती, ते मला कळलं नाही, म्हणून मी ते तसंच सोडलं.

घरी येऊन मी कागदावर दोन रकाने पाडले. गल्ली हिंदी. टीव्ही हिंदी. बायको हिंदी. उद्याची शाळा हिंदी. मराठीच्या रकान्यात एकटी माय, आणि मायशी बोलताना मी. निकाल उघडच होता. डॉक्टर 'ज़्यादा' म्हणाले होते. मी त्याचं 'फक्त' केलं. पाळायचं तर पूर्ण पाळायचं, अर्धवट पाळलेल्या नियमाचा हिशेब लागत नाही असं मला वाटतं. त्या संध्याकाळी मी जाड अक्षरात बावीस हिंदी वाक्यं लिहिली आणि तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. पानी पियोगी? इधर आओ. यह क्या है? शाबाश.

माय चौथीपर्यंत शिकलेली. तिने चष्मा लावून कागद वाचला.

"हे काय लावलं बा भीतीले?"

"माय, आता पोरीसंगं एकाच भाषेत बोलाचं. डॉक्टरनं सांगतलं. हिंदीत."

"बोला न मंग. मी कुठं अडवलं?"

"तू पण."

"मी?" ती हसली. "मले येते कुठं हिंदी?"

"काहून नाई येत? बाजारात जाते, भाजी आणते."

"तिथं मी बोट दाखवते बा. पोट्टीले काय बोट दाखवू दिवसभर?"

बायको ओट्याशी कणीक मळत होती. ती मध्ये पडली नाही. मी मायला समजावलं. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, कुठला शब्द घ्यावा ते त्याला कळत नाही, म्हणून ते गप्प राहतं. हे सगळं मी अशा ठाम आवाजात सांगितलं की जणू मी कुठे शिकून आलो होतो. शेवटी मी म्हणालो, "माय, तिच्या भल्यासाठी हाय."

माय कागदाकडे बघत राहिली. "माह्या बोलण्यानं लेकराचं वाकडं होत असंन तं नाई बोलत," ती म्हणाली. "हौ. ठीक हाय."

मी खूश झालो. मला वाटलं होतं ती वाद घालेल.

पहिला महिना फळ दिसलं. अकराचे तेरा झाले. नवे दोन्ही शब्द हिंदी, 'पानी' आणि 'बस'. मी वहीत तारखेसह लिहिलं आणि बायकोला दाखवलं. जूनच्या मध्यापर्यंत बायकोला उन्हाळ्याची सुट्टी होती, ती दिवसभर घरी होती आणि मुलीशी सारखी बोलत होती, हे मी वहीत लिहिलं नाही. ते लिहिण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

शाळा उघडली. जुलैच्या शेवटी तेराचे अकरा झाले आणि ऑगस्टच्या मध्यात नऊ.

आकडा वाढत नाही हे मला समजू शकत होतं. आकडा कमी होतो हे समजत नव्हतं. मी वही उलटी-सुलटी तपासली. जे शब्द गेले होते ते 'चिऊ', 'काऊ', 'भुर्र' आणि 'मंम'. चारही मायचे. मुलगी खिडकीत चिमणी दिसली की 'चिऊ' म्हणायची. मी नियमाप्रमाणे तिला थांबवायचो, "चिऊ नहीं बेटा, चिड़िया. बोलो, चिड़िया." ती माझ्या तोंडाकडे पाहायची. काही दिवसांनी चिमणी आली की ती चिमणीकडे न पाहता माझ्याकडे पाहायला लागली. चिऊही म्हणेना आणि चिड़ियाही म्हणेना. मी समजलो, जुना शब्द पुसला गेला म्हणजे नव्याला जागा झाली, आता येईल.

त्याच दिवसांत माय कुठून तरी पोपटाने टोचलेला पेरू घेऊन आली. पोपटाचं उष्टं खाल्लं की मुकं लेकरू बोलतं, अशी तिच्या माहेरची रीत. त्यासाठी तिने तीन गल्ल्या पलीकडच्या कुणाच्या अंगणात जाऊन, झाडाखाली उभं राहून, टोचलेला एक पेरू निवडून आणला होता. मला पक्ष्यांच्या तोंडाचं काही मुलीला द्यायचं नव्हतं, पण मायचं मनही मोडायचं नव्हतं. मी मधला मार्ग काढला. पेरू गरम पाण्याने दोनदा धुतला आणि टोचलेला भाग चाकूने काढून टाकला.

माय बघत होती. तिला राहवलं नाही. "अरे, ते उष्टंच तं पाह्यजे होतं! आता हा पेरू अन् ठेल्यावरचा पेरू, काय फरक राह्यला? एवढा शिकला, पण डोस्कं काट्यावरच ठेवून येते काय तू?"

बायको हसली. मुलगीही हसली, आजीचा चढलेला आवाज ऐकून, टाळ्या वाजवून. आणि माय एकदम थांबली. भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "चुकलं बा. मराठीत बोलली मी तिच्यासमोर."

मी त्या वेळी "असू दे" असं म्हणालो. एवढंच म्हणालो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मला ताप आला आणि मी तीन दिवस घरी राहिलो. आतल्या खोलीत पडून होतो, दाराला पडदा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता, झोप येत नव्हती. बायको शाळेत गेली. बाहेर माय आणि मुलगी. पडल्या पडल्या मला वाटलं, मुलगी दिवसभरात काय बोलते ते मला कधी ऐकायला मिळत नाही, आज ऐकावं. मी वही उशीखालून काढली. पावणेदहा वाजले होते.

पहिला तास वहीत काहीच आलं नाही. भांड्यांचा आवाज, नळ, सुपाचा आवाज. मुलीच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज इकडून तिकडे. मग माय म्हणाली, "पानी पियोगी?" उत्तर आलं नाही. पेल्याचा आवाज आला.

मग मी दुसरी गोष्ट मोजायला लागलो. मुलगी काय बोलते ते नाही, तिच्याशी किती बोललं जातं ते. पावणेदोनपर्यंत मोजलं, पहिला तास धरून. चार तास. "नहीं" सहा वेळा. "पानी पियोगी" चार. "इधर आओ" तीन. "खाना खाओ" दोन. "शाबाश" एक. एकूण सोळा. सगळी माझ्या कागदावरची. मायने त्या चार तासांत स्वतःचं एकही वाक्य माझ्या मुलीला दिलं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास शेजारीण कुंपणाशी आली होती. तिचं माहेर तिरोडीकडचं, तिला मराठी येते. मायचं तिच्याशी बोलणं सुरू झालं आणि मी उठून बसलो. काय बोलत होती ती! वांग्याला कीड कशी लागली, कोणाच्या सुनेनं काय केलं, गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो, मांजर दूध पिऊन वर तिच्याकडेच कशी रागानं बघते. मांजरीची नक्कलसुद्धा केली. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं, मुलगी आजीचा पदर धरून तोंड वर करून ऐकत होती. वीस मिनिटं ती जागची हलली नाही. शेजारीण गेली. माय वळली, मुलीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. तिचा हात धरून आत घेऊन आली.

माझ्या काट्यावर सतरा वर्षांत मी एकाच वजनावर ट्रक सोडला नव्हता. आणि घरात चार महिने मी फक्त बाहेर काय निघतं तेच तोलत होतो. आत काय जातं ते मी कधी तोललंच नाही. वर ते जाणं बंद करणारा मीच.

मी बाहेर आलो. भिंतीवरचा कागद ओढून काढला. गोंद घट्ट होता, खालचा पोपडाही निघाला.

"माय, हे बंद. तू बोल तिच्यासंगं. तुझ्या मनानं बोल. पयल्यासारखं."

मायने मुलीच्या तोंडाला लागलेला भात पुसला. "काहून? डॉक्टरनं सांगतलं न?"

"डॉक्टरनं नाई. माझंच चुकलं."

"तुव्ह कसं चुकन? तू लिहून आणलं होतं."

"माय, मी मोजलं आज. तू तिच्यासंगं बोलतच नाईस."

"बोलत नाई तं काय करू?" तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तूच म्हणला, माह्या बोलण्यानं लेकरू गोंधळते. मी दोन वर्षं बोलली तिच्यासंगं. सकाळपासून बोलायची. त्याच्यानंच ती मुकी राह्यली असंन तं? मले भेव लागते बा आता. तोंडात शब्द येते न मले वाटते, हा अजून एक दगड ठेवला मी तिच्या जिभेवर."

मी पुष्कळ सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते शब्दशः वाचून दाखवलं, दुसरं वाक्यही. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तवा असंच वाचून दाखवलं होतं तू."

कागद मला काढता आला. कागदाने मायच्या मनात जे घातलं होतं ते काढण्याचा काही उपाय मला येत नव्हता.

बायको शाळेतून आली तेव्हा तिला सांगितलं. ती पर्स खांद्यालाच ठेवून बसून राहिली. "आई चुप रहने लगी थी, मुझे दिख रहा था," ती म्हणाली. "मुझे लगा घुटना दुखता होगा. मैंने पूछा भी नहीं."

पुढचे तीन महिने मी कुणालाही सांगण्यासारखे नाहीत. हिंदीची सक्ती गेली होती, म्हणून माय हिंदीही बोलेना, आणि भीती गेली नव्हती, म्हणून मराठीही बोलेना. मुलीचं सगळं करायची. न्हाऊ घालायची, भरवायची, पाठीवर घ्यायची. मुकाट्याने. मी संध्याकाळी मुद्दाम मुलीशी मराठीत बोलायचो, म्हणजे माय मध्ये पडेल. ती उठून तुळशीकडे जायची. ऑक्टोबरात मुलगी तीन वर्षांची झाली. पाहुणे आले. केक कापला. एका पाहुणीने तिची हनुवटी धरून म्हटलं, "अब तो बोलो मुनिया, तीन साल की हो गई!" आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबले. मुलीने केकचा तुकडा पाहुणीच्या तोंडात घातला. सगळे हसले. माय स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली नाही. त्या दिवशी वहीत आठ शब्द होते.

मी वही बंद करायला हवी होती, असं कुणी म्हणेल. मी केली नाही. ताप मोजणं बंद केल्याने ताप जात नाही.

डिसेंबरात हट्टा गावाजवळच्या आमच्या वाट्याच्या शेताचे तांदूळ आले. दरवर्षी येतात. दरवर्षी मी मायला म्हणतो, पोती काट्यावर तोलून आणतो, किलोत आकडा मिळेल. आणि दरवर्षी ती म्हणते, तोललेलं घरात पुरत नाही, मापलेलं पुरतं. तिच्या लग्नातली लोखंडी पायली आहे, काठ घासून चकचकीत झालेली. ती पोत्यातून पायली भरते, वरून तळव्याने सपाट करते आणि कोठीत ओतते. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. वीस झाल्या की एक मूठ तांदूळ बाजूला सुपात ठेवायचे, ती त्या विसांची खूण, आणि पुन्हा लाभपासून सुरू. शेवटी मुठी मोजायच्या. आणि मापताना मध्ये कुणी काही बोलायचं नाही. मापणारानेही नाही, बघणारानेही नाही. माप मोठ्याने म्हणायचं, बाकी सगळं गप्प.

त्या रविवारी मी पोत्याचं तोंड धरून बसलो होतो. बायको दारात. मुलगी कोठीच्या कडेला हनुवटी टेकवून उभी.

"लाभ," माय म्हणाली आणि ओतलं. "दोन. तीन."

कितीतरी दिवसांनी मी तिचा पूर्ण आवाज ऐकला. मापताना तो मोठा करावाच लागतो. आणि हे मुलीशी बोलणं नव्हतं, तांदळाशी होतं, म्हणून तिला भीती आठवली नसावी. वीस झाले. मूठ ठेवली. "लाभ," ती पुन्हा म्हणाली. मुलगी पायलीकडे नाही, आजीच्या तोंडाकडे बघत होती. तसंच तोंड वर करून, त्या दिवशी कुंपणाशी उभी होती तसं. "एकोणीस. वीस." दुसरी मूठ.

मायने पायली पोत्यात घातली, भरली, सपाट केली, उचलली. श्वास घेतला. आणि तिच्या आधी कोठीच्या कडेवरून आवाज आला.

"लाभ."

स्पष्ट. 'ल'ही आणि 'भ'ही.

मायचा हात हवेत राहिला. थोडे तांदूळ सांडले. मी बायकोकडे पाहिलं, तिने तोंडावर हात ठेवला होता. मला ओरडायचं होतं, मुलीला उचलायचं होतं, आणखी एकदा म्हण असं सांगायचं होतं. पण माप चालू होतं. मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी जागचा हललो नाही. तिने पायली ओतली. "दोन," ती म्हणाली. "तीन." आणि वीस होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. चार महिने मी तिला गप्प बसवलं होतं. त्या दिवशी एकोणीस पायल्या मला गप्प बसावं लागलं, तेवढ्यानेच माझा जीव वरखाली झाला.

तिसरी मूठ ठेवल्यावर पोतं संपलं. मायने पायली पालथी घातली. मग ती मुलीकडे वळली.

"काय म्हणली वं माय तू?"

सप्टेंबरनंतर तिने मुलीला उद्देशून म्हटलेलं ते पहिलं सरळ वाक्य. मी तेही लिहून ठेवलं आहे.

"लाभ," मुलगी म्हणाली.

"अजून म्हण."

"लाभ."

"आता दोन म्हण. दोन."

मुलीने सुपातल्या तीन मुठी बघितल्या, त्या हाताने एक केल्या आणि म्हणाली, "लाभ."

"झालं! माह्या साऱ्या हिशेबाची माती केली!" माय ओरडली आणि तिला उचलून घेतलं.

त्यानंतर सगळं पालटलं असं मी लिहिणार नाही. पालटलं नाही. माय थोडी बोलू लागली, तीही आधी कामापुरती, पोळ्या करताना, शेंगा सोलताना, जिथे मोजण्यासारखं काही असेल तिथे. भीती एकदम गेली नाही. मधूनच ती थांबते आणि माझ्याकडे बघते, अजूनही. मुलीला पहिली पोळी लाभ, पहिला बूट लाभ, आणि दुसराही लाभ. दोनपर्यंत ती जात नाही. 'चिऊ' परत आली. 'काऊ' आलं नाही. जानेवारीच्या मध्यात वहीत एकवीस शब्द झाले. तीन वर्षं तीन महिन्यांच्या मुलाला ते फार कमी आहेत, मला माहीत आहे.

ठरल्याप्रमाणे आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या वेळी माय हट्टाने बरोबर आली. डॉक्टरांनी टेबलावर एक लाल ठोकळा ठेवला.

"बेटा, ये कितने हैं?"

"लाभ," मुलगी म्हणाली.

डॉक्टर थांबले. दुसरा ठोकळा ठेवला. "और अब?"

"लाभ."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता आलं नाही. "ये क्या बोल रही है?" त्यांनी मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते मला सुचेना. तांदळापासून, की कागदापासून, की पेरूपासून. तेवढ्यात माय पुढे झाली.

"साहेब, वो पहिला," ती बोट वर करून म्हणाली. "हमारे में पहिला को लाभ बोलते. एक नई बोलते. एक बोले तो घर में नई पुरता."

डॉक्टर हसले. "अच्छा, अम्मा. तो दूसरे को?"

"दोन. लेकिन वो इसको नई आता."

मग मी सगळं सांगितलं. कागद, बावीस वाक्यं, चार तासांतली सोळा. काही लपवलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मैंने चुप रहने को तो नहीं कहा था किसी को," ते म्हणाले.

"नहीं," मी म्हणालो.

त्यांनी मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला, आठवड्यातून दोनदा न्यायचं. मी विचारलं, किती महिन्यांत बोलेल. ते म्हणाले, "अभी कुछ नहीं कह सकता." मी विचारलं, माझ्यामुळे किती उशीर झाला असेल. ते म्हणाले, तेही सांगता येणार नाही. आधीच उशीर होता, त्यात किती भर पडली, हे कुणी मोजू शकत नाही. मी वहीत दोन्ही उत्तरं लिहिली. आकडा एकातही नव्हता.

परत येताना ऑटो रेल्वे फाटकाशी अडकला. मालगाडी येत होती. मुलगी मायच्या मांडीवर, मी बाजूला, बायको पलीकडे. पहिला डबा समोर आला आणि मुलगी म्हणाली, "लाभ."

"हौ, लाभ," माय म्हणाली. दुसरा डबा आला. माय थांबली, तिच्या तोंडाकडे बघत. मीही थांबलो.

"लाभ," मुलगी म्हणाली.

माय मग तिच्यासाठी थांबली नाही. तिने आपली मोजणी सुरू केली. तीन. चार. मुलगी प्रत्येक डब्याला लाभ म्हणत होती, माय तिच्यावरून पुढचा आकडा म्हणत होती, दोघींचे आवाज एकमेकांवर चढत होते. ऑटोवाला मागे वळून बघायला लागला. शेवटचा डबा गेला तेव्हा माय बत्तीसवर होती.

"कितने हुए, अम्मा?" ऑटोवाल्याने विचारलं.

"बत्तीस."

"और तेरे कितने हुए, गुड़िया?"

मुलीने आजीच्या कुशीत तोंड लपवलं. फाटक उघडायला वेळ होता. माय तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होती, बराच वेळ, हळू आवाजात. गाड्यांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.